न दिलेली धुरी

मंगळवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी शलाकाच्या फोनवर हुंग्याचा निरोप आला आणि तो वाचून तिचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

'धुरी. ओळखीची. काळजी नसावी.'

असे निरोप दिवसातून सात-आठ यायचे. फोडणी, ओळखीची. उदबत्ती, ओळखीची. शेजारच्या गॅलरीतला रंग, ओळखीचा. दरबारात आल्यागेल्याची नावं पुकारणाऱ्या भालदारासारखा हा हुंग्या, म्हणजे हवा हुंगणारा डबा, रेवाच्या पाळण्यावर चिमणाळ्याशेजारी लटकलेला असायचा. शलाका त्याचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची. पण आजचा निरोप तिने दोनदा वाचला, कारण घरात धुरी नव्हतीच. आज नव्हती, कालही नव्हती. रेवाला खोकला लागला तेव्हा डॉक्टरबाईंनी धुरी, उदबत्ती, डासांची कॉइल, सगळ्यावर काट मारली होती. त्याला अकरा दिवस झाले होते. खोकला मात्र होता तिथेच होता.

"मावशी," तिने न्हाणीच्या दारातून विचारलं, "धुरी दिलीत का हो?"

"कुणाला?" सुगंधामावशींनी पायांवर पालथ्या घातलेल्या रेवाच्या पाठीवर तांब्या रिता केला. "अजून अंग पुसायचंय, धुरी कुठली? आणि तूच ना गो बंद केलीस? म्हणे धुरीने खोकला होतो! माझ्या हातची धुरी घेऊन ह्या कॉलनीतली दीडशे पोरं मोठी झाली. त्यातला एक आता विमान चालवतो."

"विमान नाही हो, ड्रोन."

"उडतं ना? मग झालं."

शलाका हसली, पण संशय काही हसण्याने जात नाही. मावशी कॉलनीतल्या पाच घरी बाळंतिणींच्या आणि बाळांच्या अंघोळी करायच्या. दाराशी त्यांची पिशवी होती. त्यात ओव्याची पुडी, वावडिंग, लसणाच्या वाळल्या सालांची गाठोडी आणि हाताएवढी लोखंडी शेगडी असायची. जुनी माणसं, डॉक्टरांच्या पाठीमागे आपलंच खरं करतात. शलाकाने हळूच पिशवी उघडली आणि शेगडीतल्या राखेत बोट घातलं. राख गार होती.

"आणखी खोल घाल," मागून आवाज आला. रेवाला टॉवेलात गुंडाळून मावशी उभ्या होत्या. "कोपरापर्यंत घाल. निखारा काय मी पदरात घेऊन फिरते? घे, पदराचाही वास घे."

"तसं नाही हो मावशी..."

"घे म्हणते ना."

शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने वास घेतलाच. साबण आणि आंबेहळद. धुराचा मागमूस नव्हता.

तिने रेवाला छातीशी घेतलं. फोनवर हुंग्याच्या निरोपाच्या वर तन्मयचा रोजचा निरोप होता, सात पंचावन्नचा. 'माकडं फिरतायत. खिडकी लावून घे.' तो कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये पहिल्या पाळीचा इंजिनिअर होता. सकाळी सात ते तीन. पंधरा-वीस दिवस झाले, रोज न चुकता हा निरोप यायचा आणि इतक्या गडबडीत आपली आठवण ठेवतो म्हणून शलाका मनात सुखावायची.

"मावशी, तुम्हाला वाटेत दिसली का माकडं?"

"कुठली माकडं? आंबे संपून महिना झाला. आता काय कपडे खायला येतील?"

*

हुंग्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण कोंडशेतच्या वसाहतीत ते कुणी घेत नसे. चार वर्षांपूर्वी तिथे एक मोठी गळती झाली. एका गल्लीतली माणसं अंगणातल्या अंगणात कोसळली. वास आला नव्हता का, असं चौकशीत विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: वास तर रोजच येतो. कुजक्या अंड्यासारखा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. माणसाचं नाक त्याला दोन दिवसांत सरावतं, आणि वायू फार झाला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. म्हणजे धोका सर्वांत जास्त, तेव्हा नाक सर्वांत निवांत. म्हणून न सरावणारं नाक हवं, असं ठरलं. घरटी एक हुंग्या आला, आणि ज्या घरात पाळणा त्या घरी तो पाळण्यावर.

शलाकाला त्याचं आतलं सगळं ठाऊक होतं. एम.एस्सी.ला तिने असंच एक नाक स्वतःच्या हाताने घडवलं होतं. कथिलाच्या ऑक्साइडचे बारीक कण एका नखाएवढ्या तापलेल्या पाटीवर थापायचे. हा अर्धवाहक पदार्थ, म्हणजे वीज नेतो, पण हातचं राखून. हवेतला ऑक्सिजन त्या कणांवर येऊन बसतो आणि बसताना त्यांच्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. मोकळे इलेक्ट्रॉन कमी, म्हणून वीज अडखळते. मग एखादा वायू येतो, त्या ऑक्सिजनशी त्याचं जमतं, ऑक्सिजन जागा सोडून जातो, धरलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज धावत सुटते. ती किती धावली हे मोजलं की कुणीतरी आलंय हे कळतं.

कुणीतरी आलंय. कोण आलंय ते नाही. हिंग, स्पिरिट, गळका सिलिंडर, कथिलाच्या ऑक्साइडला सगळे सारखेच. म्हणून हुंग्याच्या पोटात एक नाही, सोळा पाट्या होत्या. एकीत पॅलेडियम मिसळलेलं, एकीत टंगस्टन, एकीत तांब्याचा ऑक्साइड. तांब्याची पाटी गंधकासाठी हळवी. सोळा ठिपक्यांच्या रांगोळीसारखं ते होतं. फोडणी पडली की त्यातले काही ठिपके पेटायचे आणि एक नक्षी उठायची, पेट्रोलची नक्षी वेगळी, विषाची आणखी वेगळी. नक्षी ओळखायला हुंग्याला शिकवावं लागायचं. अनोळखी नक्षी दिसली की तो फोनवर विचारायचा: घरचा की परका?

आणि इथे शलाकाचा हात होता.

रेवा आठ दिवसांची असताना मावशींनी पहिली धुरी दिली. लसणाच्या सालात गंधक असतो. निखाऱ्यावर सालं पडताच तांब्याचा ठिपका भडकला आणि हुंग्याने अशी बोंब ठोकली की कॉलनीचा भोंगा वाजला. अख्खी गल्ली तोंडाला पदर लावून रस्त्यावर आली. प्लांट आपोआप बंद पडला, आणि अग्निशमनची माणसं घरात शिरली तेव्हा मावशी शेगडी पाठीमागे लपवून उभ्या होत्या. पुढे महिनाभर त्या गल्लीत शलाकाचं नाव 'भोंगेवाली' होतं.

मग शलाका आणि तन्मय दोघांनी मिळून त्या नक्षीला नाव दिलं. धुरी, घरचा. दोन्ही पालकांचे अंगठे लागले. पाळण्याजवळच्या हुंग्याला काय शिकवायचं ते एकट्याने ठरवायचं नाही असा नियम होता. पुढे चाळीस दिवस रोज आठ-बाराला तिने ते नाव पक्कं केलं. कंपनीला ते इतकं पसंत पडलं की ती ओळख कोंडशेतमधल्या अकराशे पाळण्यांवर धाडली गेली आणि शलाकाच्या घराला 'मूळ घर' म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून फ्रिजवर चुंबकाने चिकटवलेलं होतं. त्यावर रेवाचा फोटो होता, तोंडात मूठ घातलेला.

*

तन्मय संध्याकाळी घरी आला तेव्हा तिने वाढता वाढता, जणू सहज, विषय काढला.

"अरे, हुंग्या धुरी सांगतोय. धुरी तर बंद आहे."

त्याचा घास क्षणभर थांबला. की तिला तसं वाटलं?

"ड्रिफ्ट असेल गं. पाट्या जुन्या झाल्या की भरकटतात. तुला मी काय सांगू?"

"चार महिन्यांत?"

"होतं कधीकधी. शुक्रवारी नवा आणतो. हा जमा करावा लागेल." त्याने पाण्याचा ग्लास संपवला. "आणि तू ना, जरा बाहेर पड. दिवसभर पाळण्याशी बसून माणसाला नाही नाही ते सुचतं."

"पाळण्यावरून आठवलं. तो आतल्या खोलीत का नेलास?"

"ऊन येत होतं ना तोंडावर."

तो हात धुवायला उठला. शलाका पाळण्याची जुनी जागा बघत राहिली. ती खिडकी उत्तरेकडे होती. तिथून कंपनीची चिमणी दिसायची, ऊन कधीच यायचं नाही.

बुधवारी सकाळी तिने घरात गॅस पेटवला नाही. देवाजवळ दिवाही लावला नाही. मावशींची पिशवी जिन्यातच ठेवायला लावली, त्यांनी तोंड वाकडं केलं तरी. मग सगळ्या खिडक्या उघडून ती पाळण्याजवळ बसून राहिली. सात पंचावन्नला माकडं आली, म्हणजे निरोप आला. आठ-बाराला हुंग्याने सांगितलं: 'धुरी. ओळखीची. काळजी नसावी.'

रेवा खोकली. तिने हेल्पलाइनला फोन लावला. गोड आवाजाच्या यंत्राने सांगितलं, "आपल्या भागात आज एकही परका वायू आढळलेला नाही. अकराशे पाळणे सुरक्षित आहेत."

"पण माझ्या घरी धुरी नाहीये!"

"धुरी ही आपल्या घराची ओळख आहे. नोंद केल्याबद्दल आभार."

हुंग्याच्या रकान्यांत शोधता शोधता तिला खाली एक ओळ सापडली. 'नाव मागे घ्या.' तिने बोट ठेवलं तर खुलासा आला: हे नाव दोन पालकांनी ठेवले आहे, मागे घेण्यास दोघांची संमती लागेल. मूळ घराने नाव मागे घेतल्यास ते सर्व घरांतून रद्द होईल.

म्हणजे हा हुंग्या पाळण्यावर आहे तोवरच. शुक्रवारी येणारा नवा हुंग्या साधा असणार. त्याला शिकवता येईल, विसरायला लावता येणार नाही.

"हे बघ, तू माझ्यावर आळ घेतेस," मावशी आतून रेवाला कडेवर घेऊन, तिचा पाय हातात धरून बाहेर आल्या, "आणि पोरीला दृष्ट लागलीय त्याचं काही नाही. वाळे बघ हिचे."

आजोळहून बारशाला आलेले चांदीचे वाळे. रविवारी मावशींनीच चिंच आणि रांगोळी लावून लख्ख घासले होते. आता ते तव्याच्या पाठीसारखे दिसत होते.

"दृष्ट लागली की चांदी आपल्या अंगावर घेते, काळी पडते. आज मीठमोहऱ्या ओवाळते. आणि तुमचंच घर नाही हो, पाचही घरच्या पोरांचे वाळे काळे. घासून घासून माझी बोटं गेली. कुणाची मेलीची नजर आहे ह्या कॉलनीवर देव जाणे."

शलाका वाळ्याकडे बघत राहिली. चांदी कशाने काळी पडते हे नववीच्या पोरालाही सांगता येतं. गंधकाने.

"पाचही घरच्या?"

"मग सांगते काय!"

"कधीपासून?"

मावशींनी मनात हिशेब केला. "तुझ्या पोरीला खोकला लागला ना, त्याच्या आसपास."

*

तिने मावशींकडून दोन्ही वाळे पुन्हा घासून घेतले. एक काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट फिरवलं आणि फडताळात ठेवलं. दुसरा उत्तरेच्या खिडकीत. बस, एवढाच प्रयोग. ना तापती पाटी, ना सोळा ठिपके. कॉलेजात प्रयोगवहीत लिहायचे ते उद्देश, साहित्य, कृती असं काहीच तिने कुठे लिहिलं नाही. पण त्या दिवशी तिला गेल्या दिवाळीतलं तन्मयचं बोलणं आठवलं. फराळाला आलेल्या मित्रांना तो अभिमानाने सांगत होता: आमच्या कंपनीत रंगांची रसायनं करताना हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो स्क्रबर नावाच्या टाकीत कॉस्टिक सोड्याने धुऊन काढतो. कॉस्टिक रोज बदलावं लागतं. ते कधी बदलायचं, हे आता माणूस ठरवत नाही. यंत्रच वारा बघतं, तक्रारी बघतं, हुंग्ये कधी ओरडतात कधी नाही ते बघतं आणि सगळ्यांना कमीत कमी त्रास होईल अशी वेळ काढतं. दोन स्क्रबर आहेत, एक बदलताना दुसरा चालू, म्हणून काळजीच नाही.

आणि तीन आठवड्यांपूर्वी तोच म्हणाला होता, एक स्क्रबर दुरुस्तीला काढलाय.

एकाच स्क्रबरचं कॉस्टिक बदलायचं तर तेवढी दहा-पंधरा मिनिटं वायू जाणार कुठे? चिमणीतून वर. आणि वर गेलेलं गार सकाळी खाली उतरणारच. यंत्राला सांगितलं होतं, ओरडा कमी होईल अशी वेळ शोध. त्याने शोधली. आठ ते सव्वाआठ. अकराशे हुंग्ये त्या वेळी गंधकाचं जे येईल त्याला 'धुरी' म्हणून घरात घेत होते. यंत्राच्या मनात पाप नव्हतं, त्याला मनच नव्हतं. ती वेळ शोधायला त्याला कुणी शिकवलं? चाळीस दिवस, रोज, अंगठा टेकवून?

शलाकाने फ्रिजवरचं प्रशस्तिपत्र काढलं आणि उलटं करून ठेवलं.

यंत्राचं कोडं असं सुटलं. माणसाचं सुटेना. स्क्रबर बदलतोय हे कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतं. पहिल्या पाळीच्या इंजिनिअरला तर दिसणारच. मग तन्मयला माहीत आहे की नाही? माहीत नसेल तर पाळणा का हलवला? माहीत असेल, तर रात्री रेवाला खांद्यावर टाकून, ती खोकली की पाठ थोपटत फेऱ्या मारणारा हा माणूस कोण? त्याला विचारावं, तर तो 'नाही' म्हणेल आणि हुंग्या शुक्रवारऐवजी आजच घरातून जाईल. आणि 'हो' म्हणाला तर... त्या 'तर'च्या पलीकडे तिला जाताच येईना.

गुरुवारी दुपारपर्यंत खिडकीतला वाळा हळदीच्या रंगाचा झाला, संध्याकाळी तपकिरी. बरणीतला चंद्रासारखा पांढरा. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. दाराच्या फटीतून तिला दिसलं, तन्मय खिडकीपाशी उभा होता. त्याने वाळा उचलला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. काळं निघत नव्हतं. मग त्याने तो होता तिथेच, होता तसाच ठेवला. माणूस देवापुढचं फूल चुकून उचलल्यावर परत ठेवतो, तसा.

हा वाळा इथे का, एवढंसुद्धा त्याने विचारलं नाही. जेवताना म्हणाला, "पोळ्या मऊ झाल्यात आज." आणि थोड्या वेळाने, "उद्या तो हुंग्या काढून ठेव हं. येताना नवा घेऊनच येतो."

*

शुक्रवारी मावशी नेहमीपेक्षा लवकर आल्या. शलाकाने आदल्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं होतं. दृष्ट नाही, कंपनीचा वायू आहे, हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे नजर कंपनीचीच की. मी वेगळं काय सांगत होते?"

आज त्यांनी हातरुमालाची गाठ सोडून ओट्यावर उपडी केली. चार घरचे आठ वाळे, सगळे काळे.

"मागितल्याबरोबर दिले?" शलाकाने विचारलं.

"घासून देते म्हटलं. खोटं बोलायला काय लागतं? कंपनीकडून शिकले."

"मावशी, रेवाला घेऊन तुमच्या वाडीवर जा. टेकडी ओलांडली की वारा उलटा आहे. नऊच्या आत खाली उतरू नका."

"आणि तू?"

"हुंग्या इथून हलवला तर नाव मागे घेता येत नाही. आणि वायू घरात आल्याशिवाय तो ओरडणार नाही."

मावशींनी रेवाला पदराखाली घेतलं. दारात थांबून म्हणाल्या, "नवरा 'हो' म्हणेल?"

"माहीत नाही."

"त्याची नोकरी जाईल गो. हे घरही कंपनीचंच."

"माहीत आहे."

"नाही म्हणाला तर?"

शलाकाने आठ आणि एक, असे नऊ काळे वाळे रुमालात बांधले. दहावा, बरणीतला पांढरा, वेगळा ठेवला. "तर हे घेऊन गेटवर जाईन. चांदीला काही शिकवता येत नाही मावशी. तिला घरचा-परका कळत नाही."

मावशी गेल्या. जिन्यातून रेवाचा खोकला खाली खाली उतरत गेला आणि ऐकू येईनासा झाला. गल्लीत सकाळ नेहमीची होती. समोरच्या घरात कुकर, कुठेतरी रडणारं बाळ, दोन गॅलऱ्या सोडून कुणाची तरी सून ओले लंगोट झटकत होती. अकराशे पाळणे. टेकडीपलीकडे वाडी असलेली मावशी एकच.

सात पंचावन्न. 'माकडं फिरतायत. खिडकी लावून घे.'

तिने सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या आणि ओला पंचा नाकातोंडाला बांधला. रिकामा पाळणा वाऱ्याने अंमळ हलत होता. आठ-पाच. आठ-आठ. वास आला का? आला असेल, नसेलही. स्वतःच्या नाकावरचा तिचा विश्वास केव्हाच उडाला होता.

आठ-बारा. 'धुरी. ओळखीची. काळजी नसावी.'

'नाव मागे घ्या,' तिने दाबलं. अंगठा टेकवला. पडद्यावर अक्षरं आली: 'दुसऱ्या पालकाच्या संमतीची वाट पाहत आहे.'

तिकडे, कंट्रोल रूममध्ये, तन्मयच्या फोनवर हेच उमटलं असणार. त्याच्या पुढ्यात स्क्रबरचा पडदा, बाजूला साहेब. तो दचकेल, चक्रावेल, आधी तिला फोन करेल, काय वेड लागलंय का म्हणेल. ती मनात उत्तरं जुळवायला लागली. एक, दोन, तीन, चार...

'संमती मिळाली. नाव रद्द.'

हुंग्या किंचाळला. पाठोपाठ समोरच्या घरातला, वरच्या मजल्यावरचा, मागच्या गल्लीतला, आणि मग कॉलनीचा मोठा भोंगा. समोरची सून लंगोट टाकून आत पळाली आणि बाळाला घेऊन बाहेर आली. चार वर्षांपूर्वीच्या गळतीपासून माणसांना वाट पाठ होती, सगळी टेकडीकडे धावत होती. उत्तरेच्या खिडकीतून चिमणीवरचा दिवा हिरव्याचा लाल झालेला दिसला. प्लांट बंद पडला होता.

शलाकाही रुमालाची गाठ घट्ट धरून जिना उतरली. तिला रडू यायला हवं होतं, सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. त्याने नोकरी पणाला लावली, एक शब्द न विचारता. पण भोंग्याच्या त्या आवाजात तिचं मन एका आकड्याशी अडून बसलं होतं. चार. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला 'हे काय' असं विचारायलाही चार सेकंदांहून जास्त लागतात. चार सेकंदांत होकार देतो तो, ज्याचं उत्तर आधीपासून तयार असतं आणि जो फक्त कुणी विचारण्याची वाट बघत असतो.

वीस दिवस वाट बघत असतो.

टेकडीच्या वाटेवर फोन वाजला.

"शलू! रेवा कुठंय?"

"टेकडीपलीकडे. मावशींच्या वाडीवर."

त्याने श्वास सोडलेला तिला ऐकू आला. "बरं केलंस. तू पण जा, वाऱ्याच्या उलट... मी येतो. थोडा वेळ लागेल, इथे सगळे... मी येतो."

"तन्मय," ती थांबली. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून पुढे गेली. "आज माकडं आली होती का रे?"

फक्त भोंगा ऐकू येत होता. एकदा हवेतून, आणि त्याच्या जरासा मागून, पुन्हा एकदा फोनमधून.